रखवालदाराच्या किल्ल्या

संगणकाला रोग होतो आणि त्यावर औषध मिळते, एवढे आता घरोघर ठाऊक झालेले आहे. रोगाला व्हायरस म्हणतात, औषधाला अँटिव्हायरस. दुकानदार नवा संगणक देताना ते औषध बहुधा स्वतःच घालून देतो, आणि वर्षाकाठी त्याचे पैसे भरले की आपण निर्धास्त होतो. आजचा विषय ह्या औषधाचाच आहे, पण त्याच्या गुणांचा नव्हे. अँटिव्हायरसमध्येही दोष राहून जातात, आणि त्यांपैकी एका जातीचा दोष असा असतो की, त्याचा आधार घेऊन संगणकावरचा एखादा सामान्य, अधिकारहीन माणूस, अथवा त्याच्या नावाने आत शिरलेला चोर, पाहता पाहता सर्वाधिकारी होऊन बसतो. तज्ज्ञ ह्याला 'प्रिव्हिलेज एस्कलेशन' म्हणतात. शब्दाला शब्द द्यावयाचा तर 'अधिकारवृद्धी' म्हणावे लागेल. परंतु वृद्धी ह्या शब्दाला आपल्याकडे जो शुभ वास आहे तो येथे शोभत नाही. म्हणून मी त्याला अधिकारचोरी म्हणणार आहे.

प्रथम संगणकाच्या आतली व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. बाहेरून पाहणाराला ती एक पेटी दिसते. आत मात्र ती एखाद्या कचेरीसारखी असते. कचेरीत कारकून असतो, हेडक्लार्क असतो, मामलेदार असतो, आणि ज्याच्या त्याच्या सहीला ज्याची त्याची किंमत असते. संगणकावरही प्रत्येक खात्याला काही ठरावीक अधिकार दिलेले असतात. सामान्य खातेदाराने आपल्या फोल्डरमध्ये पत्रे लिहावी, फोटो ठेवावेत, नको ते पुसून टाकावे. दुसऱ्याच्या खात्यात डोकावू नये, आणि ज्या फाइलींच्या जोरावर सारा संगणक चालतो त्यांना हात लावू नये. त्याच्या वर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. आणि त्याच्याही वर, कोणाही माणसाचे नसलेले, खुद्द यंत्रणेचेच असे एक खाते असते. विंडोजमध्ये त्याचे नाव 'सिस्टीम'. ह्याशिवाय संगणकाचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. देवळात सभामंडपापर्यंत सर्वांना मुभा आणि गाभाऱ्यात फक्त पुजाऱ्याला, तसाच हा प्रकार. गाभ्यात जे चालते त्याला आडवणारे कोणी उरत नाही.

ह्या व्यवस्थेतली एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी. संगणकावर चालणारा प्रोग्राम स्वतःचे काही अधिकार घेऊन जन्मास येत नाही. ज्याच्या खात्यातून तो चालला त्याचे अधिकार तो उसने घेतो. कारकुनाने चुकून एखादी विषारी फाइल उघडली तर त्या विषालाही कारकुनाएवढेच हातपाय मिळतात. ते कारकुनाची पत्रे नासवील, पण मामलेदाराच्या कपाटापर्यंत पोचणार नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर ह्या दोघा अभ्यासकांनी १९७५ साली एका निबंधात हे तत्त्व फार स्पष्टपणे मांडले: प्रत्येक प्रोग्रामाला आणि प्रत्येक माणसाला त्याचे काम उरकण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून रतिभरही अधिक नको. संगणकाच्या सुरक्षिततेचे पुष्कळसे शास्त्र ह्या एका वाक्याभोवती फिरत आलेले आहे.

अँटिव्हायरसची अडचण अशी की, ह्या नियमात त्याला बसविताच येत नाही. घुशी मारावयास माणूस बोलावला आणि त्याला ओसरीवरच बसवून ठेवले, तर घुशी मरावयाच्या कशा? त्याला माजघर दाखवावे लागते, कोठीची खोली उघडून द्यावी लागते, प्रसंगी फरशी उखडू द्यावी लागते. अँटिव्हायरसने प्रत्येक खातेदाराची प्रत्येक फाइल वाचली पाहिजे; कोणी फाइल उघडू लागला की ती उघडण्यापूर्वी मध्ये पडले पाहिजे; आणि खुद्द विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसलेला रोगही उपटून काढता आला पाहिजे. म्हणून त्याचा मुख्य भाग 'सिस्टीम' ह्या खात्याच्या नावाने चालतो आणि काही भाग तर थेट गाभ्यात बसविलेला असतो. ज्या प्रोग्रामाला आपण रखवालदार म्हणतो त्याच्या कमरेला घरातल्या एकूण एक कुलपांच्या किल्ल्या असतात. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. ते काम तसेच आहे.

ह्या धंद्याशी आपल्याकडच्या मंडळींचाही जवळचा संबंध आहे, हे येथे जाता जाता सांगावयास हवे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालविणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात व्हायरस काढण्याचे प्रोग्राम लिहून विकण्यास आरंभ केला, आणि त्यातूनच क्विक हील ही कंपनी उभी राहिली. त्या काळी रोग फ्लॉपीवरून येई, आणि औषधाचे काम तेवढ्यापुरते असे: फ्लॉपी तपासली, साफ केली, संपले. आज औषध अष्टौप्रहर जागे असते. अधिकारांचा प्रश्न इतका तीव्र झाला तो ह्या जागेपणामुळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रखवालदार प्रामाणिक आहे, किल्ल्या त्याच्याजवळ आहेत, आणि चोराला त्या हिसकावता येत नाहीत. मग चोर काय करतो? तो किल्ल्यांच्या वाटेला जातच नाही. तो रखवालदाराला काम सांगतो.

ह्या युक्तीचे मूळ उदाहरण अँटिव्हायरसचे नाही, हिशेबाचे आहे; आणि ते इतके बोलके आहे की थोडे विस्ताराने सांगतो. कॅलिफोर्नियात टाइमशेअर नावाची कंपनी होती. मोठ्या संगणकाचा वेळ ती अनेक गिऱ्हाइकांना भाड्याने देई. १९७७ च्या सुमारास तिच्या संगणकावर एक भाषांतरकार प्रोग्राम होता. माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरविणे हे त्याचे काम. ह्या भाषांतरकाराच्या कामाची आकडेवारी साठवावी असे कंपनीला वाटले, म्हणून तिने त्याला कंपनीच्या खास फोल्डरात लिहिण्याची परवानगी दिली. त्याच फोल्डरात दुसरीही एक फाइल होती: गिऱ्हाइकांच्या बिलांचा हिशेब. भाषांतरकाराची आणखी एक सोय अशी होती की, गिऱ्हाइकाने एखाद्या फाइलीचे नाव दिले तर भाषांतराचा तपशील तो त्या फाइलीत लिहून ठेवी. एका गिऱ्हाइकाने नाव दिले ते बिलांच्या फाइलीचे. त्या गिऱ्हाइकाला स्वतःला त्या फाइलीस हात लावण्याचा अधिकार नव्हता, पण भाषांतरकाराला होता. संगणकाने विचारले, लिहिणारा कोण? उत्तर आले, भाषांतरकार. परवानगी आहे? आहे. आणि कंपनीचा बिलांचा हिशेब त्या तपशिलाखाली गाडला गेला.

नॉर्म हार्डी ह्यांनी हा प्रसंग १९८८ साली एका छोट्या लेखात लिहून ठेवला. त्यात त्यांनी जे नाव योजले त्याचा मराठीत 'गोंधळलेला मुखत्यार' असा अर्थ होईल. मला ते नाव फार समर्पक वाटते. त्या भाषांतरकाराजवळ दोन मुखत्यारपत्रे होती, एक कंपनीचे आणि एक गिऱ्हाइकाचे. आणि सही करताना आपण कोणाच्या वतीने करतो आहोत ह्याचा विचार करण्याची सोय त्याच्या ठिकाणी नव्हती. त्याने कोणाचा विश्वासघात केला नाही. सांगितलेले काम केले आणि दुसऱ्याच्या शिक्क्याने केले, एवढेच.

अँटिव्हायरसमधल्या अधिकारचोऱ्या तपासू लागलो म्हणजे हाच मुखत्यार निरनिराळ्या पोशाखांत भेटत राहतो.

पहिला पोशाख क्वारंटाईनचा. प्लेगच्या दिवसांपासून हा शब्द आपल्या कानावर आहे आणि करोनाने तो पुन्हा घरोघर नेला. अँटिव्हायरसला संशयास्पद फाइल सापडली की तो ती लगेच जाळून टाकत नाही. एका बंद कोठडीत ठेवतो आणि ती कोठून आणली तो पत्ता टिपून ठेवतो. न जाणो, संशय खोटा निघाला तर मालकाला त्याची वस्तू जागच्या जागी परत देता यावी. सोय चांगली आहे, माणुसकीची आहे. फ्लोरियन बोग्नर ह्या ऑस्ट्रियातील तज्ज्ञाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवून दिले की नेमकी ही 'परत देण्याची' क्रियाच चोराच्या उपयोगी पडते.

हे समजण्यासाठी टपालखात्याचे उदाहरण घेऊ. आपण घर बदलले की पोस्टात अर्ज देतो: जुन्या पत्त्यावर येणारे टपाल नव्या पत्त्यावर पाठवावे. संगणकातही असा अर्ज देता येतो. आपल्या मालकीच्या फोल्डराच्या जागी एक पाटी लावावयाची, की येथे येणाराने अमुक दुसऱ्या फोल्डरात जावे. विंडोजमध्ये अशा पाटीला 'जंक्शन' म्हणतात. सामान्य खातेदारालाही ती लावता येते, कारण पाटी त्याच्या स्वतःच्याच जागेत लागते. आणि ज्या फोल्डराकडे बोट दाखविले तेथे जाण्याचा अधिकार जाणाराचा स्वतःचा असावा लागतो, पाटी लावणाराचा नव्हे.

आता चोराची करामत पाहा. तो स्वतःच्या फोल्डरात एक विषारी फाइल ठेवतो, आणि ती पकडली जावी अशीच त्याची इच्छा असते. अँटिव्हायरस तत्परतेने ती उचलतो, कोठडीत टाकतो, पत्ता टिपतो. मग चोर आपले फोल्डर काढून टाकतो आणि त्या जागी पाटी लावतो. पाटीवरचा बाण 'प्रोग्राम फाइल्स' ह्या संरक्षित फोल्डराकडे. तेथे लिहिण्याची त्याची स्वतःची प्राज्ञा नाही. शेवटी तो अँटिव्हायरसची खिडकी उघडून म्हणतो, माझी फाइल मला परत द्या. अँटिव्हायरस टिपलेला पत्ता काढतो, निघतो, पाटी पाहून वळतो आणि संरक्षित फोल्डराच्या दाराशी येतो. संगणक विचारतो, कोण? उत्तर, 'सिस्टीम'. दार उघडते. विषारी फाइल रखवालदाराने स्वतःच्या हाताने तिजोरीत नेऊन ठेवली! पुढचे काम विंडोजची एक जुनी सवय करते: एखादा प्रोग्राम सुरू होताना त्याला लागणारे साहाय्यक भाग बहुधा प्रथम त्याच्या स्वतःच्याच फोल्डरात शोधले जातात. त्या नावाची विषारी फाइल तेथे हजर असली म्हणजे मोठ्या अधिकाराचा प्रोग्राम तिलाच कडेवर घेऊन सुरू होतो, आणि चोर सर्वाधिकारी होतो.

बोग्नर ह्यांना हा दोष एकाच कंपनीच्या औषधात आढळला नाही. ट्रेंड मायक्रो, कॅस्परस्की, मालवेअरबाइट्स, एमसिसॉफ्ट, इकारस आणि झोनअलार्म इतक्यांच्या उत्पादनांत तो निघाला. निरनिराळ्या देशांतल्या कारागिरांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामांत एकच चूक आढळावी, ह्याचा अर्थ ती कोणा एकाच्या बेसावधपणाची नसून विचारपद्धतीची आहे असाच लावावा लागतो. सर्वांनी 'ही फाइल घातक आहे काय' हा प्रश्न विचारला. 'ही फाइल परत मागणारा कोण, आणि त्याला ह्या जागी लिहिता आले असते काय' हा प्रश्न कोणी विचारला नाही. कंपन्यांनी दोष दुरुस्त केला. साध्या खातेदाराला कोठडीतली फाइल परत मागताच येऊ नये, हा त्यावरचा सरळ उपाय.

दुसरा पोशाख वेळेचा. आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके होते तेव्हाची गोष्ट आठवा: शिपाई पोते उघडून पाही, पावती लिहावयास खोपटात जाई, आणि तेवढ्यात गाडीवानाने पोते बदलले तर पावती भुशाची आणि माल साखरेचा. तपासणी आणि कृती ह्यांच्यामधला तो क्षण फार धोक्याचा. अँटिव्हायरसही आधी फाइल तपासतो आणि मग पुसतो. मध्ये डोळ्यांचे पाते लवण्याइतका अवकाश असतो. तेवढ्यात चोराने पाटी फिरविली तर पुसली जाते ती दुसरीच फाइल. अमेरिकेतील रॅक-९११ लॅब्ज ह्या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध केले की, विंडोज, मॅक आणि लिनक्स ह्या तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर मिळून नामांकित अशा २८ अँटिव्हायरसांना अशा रीतीने चकविता येत होते. आणि काहींना तर स्वतःचीच फाइल पुसावयास लावता येत होते. गंमत अशी की ह्यासाठी खरा व्हायरससुद्धा लागत नाही. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी 'ऐकार' नावाचा ६८ अक्षरांचा एक निरुपद्रवी मजकूर सर्व कंपन्यांनी मान्य केलेला आहे. तो दिसला की प्रत्येक अँटिव्हायरस भुंकतो. त्याच मजकुराने ह्या संशोधकांनी रखवालदाराला हाक मारली.

ह्या क्षणाची अचूक वेळ साधणे सोपे नव्हे. क्षणभर आधी किंवा नंतर झाले तर डाव फुकट. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये सेफब्रीच ह्या कंपनीच्या ओर याइर ह्यांनी तो क्षण हवा तितका लांबविण्याची तोड काढली. विषारी फाइल एका प्रोग्रामाने घट्ट धरून ठेवावयाची, म्हणजे अँटिव्हायरसला ती पुसता येत नाही. तो निरुपायाने म्हणतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, तेव्हा पुसतो. आणि पुसावयाच्या फाइलीचा पत्ता तो विंडोजच्या यादीत लिहून ठेवतो. आता चोराला घाईच नाही. सावकाश पाटी फिरवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यादीतल्या पत्त्यावरून भलतीच फाइल नाहीशी होते. तपासलेल्या ११ उत्पादनांपैकी ६ ह्या डावाला बळी पडली. युक्तीला त्यांनी 'ऐकिडो' असे नाव दिले. प्रतिपक्षाच्याच जोराने त्याला पाडणाऱ्या जपानी मल्लविद्येचे ते नाव आहे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत विचार करावयास लावणारे वाटते, कारण ते खुद्द विंडोजबरोबर येणाऱ्या 'डिफेंडर'चे आहे. म्हणजे ज्यांनी कधी अँटिव्हायरस विकत घेतला नाही त्यांच्याही घरचे. डिफेंडरजवळ गाभ्यात काम करणारे एक छोटे औजार आहे. हट्टी रोग मुळासकट काढावयाचा असला म्हणजे ते बाहेर निघते, काम करते आणि नाहीसे होते. दर वेळी त्याचे नावही वेगळे असते. काम सुरू करताना ते 'टेम्प' ह्या फोल्डरात आपल्या कामाची रोजनिशी उघडते. रोजनिशीचे नाव मात्र ठरलेले, आणि टेम्प फोल्डर सार्वजनिक. तेथे कोणालाही काही ठेवता येते. एकाच फाइलीला दोन नावे देण्याची सोय विंडोजमध्ये आहे, तिला 'हार्ड लिंक' म्हणतात. चोराने एखाद्या महत्त्वाच्या फाइलीला 'रोजनिशी' हे दुसरे नाव आधीच देऊन ठेवले, तर ते औजार रोजनिशी समजून त्या फाइलीवर लिहीत सुटते. आपण उघडले ते खरोखर आपलेच वहीखाते आहे काय, एवढे ते पाहत नव्हते.

सेंटिनलवन ह्या कंपनीच्या संशोधकांना हे आढळले. त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला कळविले आणि ९ फेब्रुवारी २०२१ रोजी दुरुस्ती निघाली. ती होण्यापूर्वी कोणा चोराने त्याचा उपयोग केल्याचे दिसून आले नाही. पण दोष किती जुना होता? १२ वर्षांचा, २००९ पासूनचा. एवढ्या काळात कोट्यवधी यंत्रांवर तो बसून होता आणि जगातल्या इतक्या चिकित्सक डोळ्यांपैकी एकालाही दिसला नाही. संशोधकांच्या मते ह्याचे एक कारण ते औजार लपूनछपून वावरत असे हेच असावे: जे कपाटात नसतेच त्याची झडती कोण घेणार?

इतके ऐकल्यावर कोणी विचारील, आणि कंपन्यांची पत्रकेही हेच म्हणतात, की अशी चोरी करावयास चोराला आधी घरात शिरावे लागते. मग एवढी भीती कशाची? हे अर्धेच खरे आहे. घरात शिरणे हे आज सर्वांत सोपे काम आहे. एक फसवी ई-मेल, एक खोटे बिल, कारकुनाने उघडलेली एक फाइल, झाला प्रवेश. पण हा प्रवेश कारकुनाच्या अधिकाराचा असतो. गावातली पतसंस्था घ्या, शाळेचे कार्यालय घ्या, डॉक्टरांचा दवाखाना घ्या. एकेका संगणकावर चार चार जण काम करतात. कारकुनाच्या खात्यात शिरलेल्या चोराला खातेदारांचे सारे हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागावयाची असेल, बॅकअप पुसावयाचे असतील, शेजारच्या संगणकांवर उडी मारावयाची असेल, तर कारकुनाचे अधिकार पुरत नाहीत. ओसरीपासून तिजोरीपर्यंतचे अंतर तोडून देणारी वस्तू ती अधिकारचोरी. म्हणून 'आधी आत शिरावे लागते' ह्यात समाधान मानणे म्हणजे पुढचे दार मोडकेच आहे, तेव्हा आतल्या कुलपाची काय चिंता, असे म्हणण्यासारखे आहे.

आणि चोरांनी ह्याच्याही पुढची मजल मारलेली आहे. मे २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या तज्ज्ञांनी एका खंडणीखोर टोळीची रीत उघड केली. अ‍ॅव्हॉसलॉकर हे तिच्या प्रोग्रामाचे नाव. ही टोळी अव्हास्ट ह्या अँटिव्हायरसचा गाभ्यात चालणारा एक जुना भाग बरोबर घेऊन येई. त्या भागावर कंपनीची सही अस्सल, म्हणून विंडोज त्याला गाभ्यात येऊ देई. आणि एकदा तो आत बसला की त्याच्याच हातून यंत्रावरची संरक्षणाची इतर औजारे बंद पाडली जात. निवृत्त झालेल्या रखवालदाराचा गणवेश बाजारातून विकत आणावा आणि त्याच्या जोरावर नव्या रखवालदाराला घरी पाठवावे, असा हा मामला. कंपनीने नवी, दुरुस्त आवृत्ती काढली तरी जुनी आवृत्ती जगातून नाहीशी होत नाही. हा ह्या शास्त्रातला फार अवघड प्रश्न आहे.

मग अँटिव्हायरस काढून टाकावा काय? काही नामांकित तज्ज्ञांचा रोख त्या बाजूला आहे. गूगलमधील टॅव्हिस ऑर्मंडी ह्यांनी एकामागून एक अँटिव्हायरसांची चिरफाड केली. २०१६ साली त्यांनी दाखविले की सिमँटेकचा अँटिव्हायरस संशयित फाइलींच्या घड्या चक्क विंडोजच्या गाभ्यात उलगडीत असे. परिणामी नुसती ई-मेल येऊन पडली, कोणी उघडली नाही, तरी यंत्र ताब्यात जाऊ शके. ज्या वस्तूवर सर्वांत कमी भरवसा ठेवावयाचा ती गाभाऱ्यात नेऊन उघडावयाची, हा उफराटा प्रकार होता ह्यात शंका नाही. तरीही मला काढून टाकण्याचे मत सर्वसामान्य माणसासाठी पटत नाही. अँटिव्हायरसमधल्या दोषातून झालेल्या चोऱ्या थोड्या. तो नसल्यामुळे, किंवा असून जुना पडल्यामुळे, साध्या आणि ओळखीच्या रोगांनी गाठलेले संगणक पुष्कळ. प्रश्न रखवालदार असावा की नसावा हा नाही. त्याच्या जुडग्यात किती किल्ल्या असाव्यात, हा आहे.

ह्या दिशेने हालचाल झाली आहे, पण मंद गतीने. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की डिफेंडरचा फाइली चिरून पाहणारा भाग आता एका बंदिस्त, अधिकारहीन खोलीत चालविता येईल. तेथे विष सांडले तरी खोलीबाहेर जाणार नाही. पुढचा मोठा धडा एका वेगळ्याच अपघाताने दिला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यात चोर कोणीच नव्हता. रखवालदारच गाभाऱ्यात अडखळून पडला होता. पण गाभ्यात बसणाराची चूक केवढी पडते हे जगाने पाहिले, आणि जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस कंपन्यांना गाभ्याबाहेर राहून काम करता येईल अशी नवी रचना चाचणीसाठी देण्याचे घोषित केले.

आपल्या हाती काय आहे? मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवू नये. पैसे भरणे थांबले तरी तो निघून जात नाही. किल्ल्या त्याच्या कमरेला तशाच राहतात, फक्त दुरुस्त्या येणे बंद होते. तो रीतसर काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्याची जागा घेतो. त्याचप्रमाणे एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस ठेवल्याने रक्षण दुप्पट होत नाही, किल्ल्यांची जुडगी मात्र दोन होतात. अपडेट मागितला की 'नंतर' हे बटन दाबण्याची सवय सोडावी. वर सांगितलेले सर्व दोष जाहीर झाले ते बहुधा दुरुस्ती निघाल्यानंतर, आणि जाहीर झालेला दोष चोरही वाचतो. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत, हेही ज्यांच्याकडे तो संगणक आहे त्यांनी मनात धरावे.

आणि घरी गेल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून आपल्या नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा शब्द आहे का ते पाहावे. बहुतेकांच्या संगणकावर तो आढळेल, कारण पहिले खाते त्याच अधिकाराचे तयार होते. म्हणजे आपण बिले भरतो, मुले खेळ खेळतात, ते सारे मामलेदाराच्या खुर्चीत बसून. तेथेच एक दुसरे, साधे खाते उघडता येते. पाचदहा मिनिटांचे काम आहे. रोजचे व्यवहार त्या खात्यातून करावेत. एखादा प्रोग्राम बसविताना संगणक पासवर्ड विचारील, तेव्हा पहिल्या खात्याचा द्यावा, आणि आपण काहीच बसवीत नसताना त्याने तो विचारला, तर देऊ नये.